छोट्या दुर्बिणीचं झाकण

परत तेच. मी काही बोललो की बहीण, पल्लवी, म्हणते, "दादा, तुला काय कळतं त्यातलं?" नाही कळत, सातवीत शाळा सोडलेली मी. पण बाबांचे डोळे मला कळतात. आमची रिक्षा त्यांच्यावरच चालते.

आज शहाडला पल्लवीच्या खगोल मंडळाने लोकांना सूर्यावरचे डाग दाखवले. मी इथे मस्कतला जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर बघत होतो. मोठ्या दुर्बिणीला फिल्टर लावलेला. तिच्या बाजूला नेम धरायची छोटी दुर्बीण असते, तिला फिल्टर नव्हता आणि तिचं झाकण लावायला पल्लवी विसरली. रांगेत उभे असलेले बाबा सहज तिच्यातून बघायला गेले.

लगेच मागे झाले, हसले पण. "काय नाय रे, वेल्डिंगकडे बघितल्यासारखं झालं."

मघाशी फोन केला तर म्हणतात, उजव्या डोळ्याने समोरच्याचं तोंडच दिसत नाही, मधे काळा ठिपका येतो. पल्लवी रडत होती. फोन ठेवला आणि सरळ या ग्रुपवर लिहायला बसलो.

तुमच्यात कोणाला असं झालंय का? तो ठिपका जातो का? खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.

पल्लवी, तू पण या ग्रुपवर आहेस, वाच: त्यांना रिक्षाला हात लावू देऊ नको. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. बारा हजार पाठवतोय.