नीलाताईचा हाफ पाइंट

टेबलावर बिअरचे ग्लास आले की नीलाताई आधी नवऱ्याचा ग्लास स्वतःकडे ओढायची. डोळे मिटून नाक पार फेसापर्यंत न्यायची, एक लांब श्वास घ्यायची आणि ग्लास परत सरकवायची. मग निकाल सांगायची. "भाजलेल्या ज्वारीचा वास आहे." नाहीतर, "हिच्यात कोणीतरी संत्र्याची साल पिळली." नाहीतर नुसतंच, "बाप्पा! ओलं पोतं." एवढं झालं की स्वतःच्या लाइम-सोड्याकडे वळायची आणि खिडकीतून वाकून बघायची, गाडी कोणाच्या वाटेत तर नाही ना. "हे पिऊन राहिले, मी वास घेऊन राहिली," असं ती मला म्हणायची आणि खळखळून हसायची. इंग्लंडातल्या कितीतरी ब्रुअरीज तिनं अशा नुसत्या नाकानं पाहिल्या.

आम्ही सगळे मेडनहेडचे. नीलाताई आणि शरददादा मूळचे नागपूरचे, आमच्या बरेच आधी इकडे आलेले. ते सॉफ्टवेअरमध्ये, ती एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला. मी आणि माझा नवरा मंदार पुण्याचे, त्यांच्यापेक्षा वयानं खूप लहान. पहिल्या ट्रिपला मी तिला अहोजाहो करत होते. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये चहापाण्याला थांबलो तेव्हा तिनं माझ्या हातात तिखट-मिठाची पुरी ठेवली आणि म्हणाली, "अहोजाहो बंद कर, नाहीतर पुरी परत दे." तेव्हापासून ती माझी ताई झाली.

शरददादांना गावोगावच्या बिअरचा भारी नाद. दुकानात मिळते ती बिअर ते बिअरच मानत नसत. पिंपातली ताजी बिअर जिवंत असते, पिंप उघडलं की चार दिवसांत संपवावी लागते, लांब पाठवली की बिघडते, म्हणून आपणच तिच्याकडे जायचं, हे त्यांचं कीर्तन आम्हाला पाठ होतं. मंदार त्यांचा पक्का टाळकरी. मग काय, आठवड्याची धुणी, भाजी, झोप, सगळं बाजूला ठेवून शनिवारी सकाळी आम्ही एम-फाइव्ह मोटरवेवर रांगेत उभे. श्रॉपशर, डर्बीशर, एकदा तर थेट नॉर्थम्बरलंड. आणि एवढं जाऊन पोचायचं कुठे? तर एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, टायरच्या दुकानाशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये. मला आजही ते रस्ते आठवले की पाठ दुखते.

लायसन्स दोन्ही पुरुषांकडे होतं. निघताना शरददादा दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "नीला, येताना मी चालवतो." पहिल्या ठिकाणी ते हाफ पाइंटच, म्हणजे अर्धा ग्लासच, घ्यायचे. दुसऱ्या ठिकाणी म्हणायचे, "अगं, इथवर आलो आणि ही चाखायची नाही?" तिसऱ्या ठिकाणी काही म्हणायचेच नाहीत. परतीला दोघं मागं घोरायचे, मी पुढं बसून रस्ता सांगायची, आणि नीलाताई पावसात वायपर लावून दोन-अडीच तास गाडी हाकायची. घरी पोचल्यावर "छान झाली ट्रिप" असं शरददादा म्हणायचे, आणि ती रात्रीच्या पोळी-भाजीला लागायची.

घोटभर तरी घे, असं मी तिला सुरुवातीला म्हणून बघितलं. "नको गं माय. आपण व्हिसावरची माणसं. पोलिसानं फुंकायला लावलं तर?" पुढे व्हिसा गेला, इथला पासपोर्ट आला, तरी तिची भीती काही गेली नाही. कायदा किती पिऊ देतो ते तिला ठाऊक होतं. "कायदा मोजून राहिला ग्लास," ती म्हणायची, "मी मोजून राहिली माणसं. गाडीत तुमची तीन डोकी असतात."

म्हणजे तिला प्यायचीच नव्हती असं मात्र नाही. हेरफर्डशरमध्ये एका शेतावर एक छोटी ब्रुअरी होती. बिअरला कडूपणा येतो तो हॉप्सच्या फुलांनी. ती एरवी वाळवून वापरतात. इथे मात्र वर्षातून एकदा, तोडणीच्या दिवसांत, वेलीवरून काढलेली हिरवी फुलं तशीच टाकून बिअर करायचे. चालवणारी बाई होती धिप्पाड, रबरी बुटांतली, बोलायला मोकळी. नीलाताईनं नेहमीसारखा ग्लास ओढला, वास घेतला, आणि या वेळी परत सरकवलाच नाही. तसाच धरून बसली. "कढीपत्ता," ती हळूच म्हणाली. "पावसात भिजलेला. आमच्या धंतोलीच्या घरामागं होता." ती बाटलीत मिळेल का, असं तिनं त्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, "ही बाटलीत टिकत नाही, लव्ह. हिच्यासाठी इथंच यावं लागतं, आणि हीच दोन-तीन आठवडे." नीलाताईनं मान हलवली आणि ग्लास शरददादांना दिला.

परतताना ती आरशात बघून मोठ्यानं म्हणाली, "पुढच्या वर्षी ही मी पिणार. पूर्ण हाफ पाइंट. चालवा कोणीतरी." मागं दोघं इतके हसले की मंदारला ठसका लागला. तीही हसली. पण मी शेजारी होते, मला तिचा चेहरा दिसत होता, ती चेष्टा करत नव्हती.

दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा शरददादांनी "आज मी एक थेंबही घेणार नाही" अशी शपथ घेतली होती. ती वाटेतल्या रॉस-ऑन-वायच्या पबपर्यंत टिकली.

मग तिनं माझ्यावर भिस्त ठेवली. मी इकडच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पुन्हापुन्हा नापास होत होते, आणि पुढची तारीख मिळायला महिनोन्महिने. रविवारी सकाळी ती मला सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन जायची. मग बाहेरच्या रस्त्यावर काढायची. राउंडअबाउटचा गोल चौक आला की मी गाडी थांबवून ठेवायची. मी सगळ्या जगाला आधी जाऊ द्यायची. "काहून थांबली? सगळ्यांना वाट देत बसली तर संध्याकाळ होईल इथंच." मी म्हणायची, समोरचा हॉर्न वाजवतोय. ती म्हणायची, "वाजवू दे. त्याचा हॉर्न, त्याची बॅटरी." तिच्याइतका धीर मला कोणी दिला नाही, आईनंसुद्धा नाही.

त्याच सुमारास ती थकायला लागली. आधी आम्हाला वाटलं वय, मग वाटलं हिवाळा. निघालं लिव्हर, आणि बरंच पुढं गेलेलं. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, दारू किती घेता? ही म्हणाली, कधीच नाही. त्यानं पुन्हा विचारलं. हिनं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी तो म्हणाला, बरं, पण यापुढे एक थेंबसुद्धा नको. हे मला सांगताना ती इतकी हसली की खोकला आला. "आयुष्यात धरली नाही गं, आणि मला सोडायला सांगून राहिला!" मला हसू आलं नाही. मला देवाचा राग आला, आणि स्पष्टच सांगायचं तर घोरणाऱ्या दोघांचाही आला.

ट्रिपा बंद पडल्या. "नीलाला बरं वाटू दे, मग जाऊ," असं शरददादा म्हणायचे. ते तिची काळजी घेत होते, औषधं वेळेवर देत होते, सूप करायला शिकले होते. खोटं कशाला बोलू? पण ट्रिपा बंद पडण्याचं कारण तेवढंच नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी मी पास झाले. पहिला फोन तिला केला. ती आधी ओरडली, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "घरी सांगू नको."

"का?"

"एकदा कळलं की लायसन्स तुझं आणि तहान त्यांची. आधी माझं काम कर."

तोडणीच्या दिवसांत एका शनिवारी आम्ही वेम्बलीला भाजी-किराणा आणायला जातो असं सांगून निघालो आणि उलट्या दिशेला लागलो. मी हळू चालवीन, असं तिनं घरी सांगितलं होतं. ती पुढं बसली होती, अंगावर दोन स्वेटर, पाय ब्रेक दाबल्यासारखे ताठ. ग्लॉस्टरपर्यंत मला लेन शिकवत होती. त्या रबरी बुटांच्या बाईनं तिला लगेच ओळखलं. "ड्रायव्हर आली! लाइम-सोडा?" नीलाताई म्हणाली, "हाफ पाइंट." नोकरीतल्या इंग्रजीत, अगदी स्पष्ट.

ग्लास आमच्या मधे आला. मी चालवणार, म्हणून मला चालत नव्हती. तिला डॉक्टरनं बंदी केलेली. दोघी त्या ग्लासकडे बघत बसलो आणि मग जे हसत सुटलो, की शेजारच्या टेबलावरचा कुत्रा उठून बसला.

तिनं वास घेतला. मग ग्लास ओठांना लावला.

"कडू आहे गं," ती म्हणाली.

"राहू दे मग. आणि ताई, डॉक्टर रागावतील."

"रागावू दे. मी कधी कोणाला रागवायला कारणच दिलं नाही. पोलिसाला नाही, डॉक्टरला नाही, ह्यांना नाही." तिनं आणखी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला. मी तिला अडवलं नाही. तसे चारपाच घोट झाले असतील. उरलेली बिअर ठेवून ती उठली, आणि माझा हात धरून सावकाश गाडीपर्यंत आली. वाटेत तिला झोप लागली.

होळीच्या आधी ती गेली. सुतकाच्या दिवसांत त्यांच्या घरी माणसं येत होती. मी सकाळपासून चहा करत होते आणि पाय मोडून आले होते. शरददादा कोणाला तरी तिच्याविषयी सांगत होते. रडून रडून आवाज बसला होता. "हा सगळा देश तिनं आम्हाला दाखवला. एवढ्या ब्रुअरीज झाल्या, पण स्वतः कधी ग्लास घेतला नाही. तिला आवडच नव्हती." बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, फार साधी होती हो.

माझ्या हातात ट्रे होता. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण नाही राहवलं.

"आवड होती, दादा," मी म्हणाले. "पण संध्याकाळी तुम्हा सगळ्यांना घरी आणायचं असायचं ना तिला."

मंदारनं मान खाली घातली. शरददादा माझ्याकडे वळले.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तिला गाडी चालवायला आवडतं."