पत्रकाचा पहिला श्रोता

कोकणातून नागपूरला आलो. शाळा नववीत सुटलेली, तरी सरकारी आरोग्य कार्यालयात झेरॉक्सचं काम मिळालं. ते टिकेल ना, ही धाकधूक रोजचीच.

समोर बसणाऱ्या मॅडम सिकलसेल या रक्ताच्या आजाराची माहितीपत्रकं लिहितात. पेनाचं टोपण चावत लिहायचं आणि मसुदा झाला की फाटकावरच्या चौकीदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा, ही त्यांची रीत.

"आनुवंशिक म्हंजे का वं माय?"

"मायबापाकडून आलेला, काका."

"मंग तसंच लिही ना!"

मॅडम हसत शब्द खोडायच्या आणि मी मशीनपाशी जळायचो. पत्रकं काढतो मी, अन् विचारतात त्याला!

परवा न राहवून म्हणालो, "मॅडम, मला का नाही वाचून दाखवत?"

"तू सगळ्यालेच मान हलवते गा. मले 'नाही समजलं' म्हणणारा लागते."

'नाही समजलं' म्हटलं तर नोकरी जाईल, असंच मला वाटायचं. चौकीदाराला ती भीती नव्हती, याचाही हेवा वाटला.

आज नवा मसुदा हातात घेतला आणि म्हणालो, "दुसरी ओळ मला समजली नाही."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि ती ओळ मला वाचून दाखवली. फाटकावरून चौकीदारानं हाक मारली. त्या उठल्या नाहीत.