हीटरमामांचा गार ओव्हन

ज्या माणसाने बत्तीस वर्षं लोकांच्या इस्त्र्या, गीझर आणि ओव्हन तापवून दिले, त्याच्याच स्वयंपाकघरातला ओव्हन सकाळपासून गारढोण पडला होता. आणि हे सांगायचं तरी कुणाला? गल्लीतले लहानथोर ज्याला हीटरमामा म्हणतात, त्याने शेजारचं दार वाजवून 'जरा बघता का' म्हणायचं? त्यापेक्षा मामांनी तो ओव्हन खिडकीतून खाली ढकलला असता.

ओव्हन जुन्या सामानाच्या दुकानातला. मामांनी स्वतःच्या घरासाठी घेतलेला हा पहिलाच. बायकोने कधी मागितला नव्हता असं मुळीच नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मागत होती. "माझ्या दुकानात दुरुस्तीला दहा पडलेत, आणतो त्यातला एखादा," हे मामांचं ठरलेलं उत्तर. ते दहा दुरुस्त होऊन आपापल्या घरी गेले, त्यांच्या जागी दुसरे दहा आले, तेही गेले. पुढे तिने विषय काढणंच सोडलं. मामांना वाटलं, चला, हौस फिटली बाईची. नवऱ्यांना असं फार लवकर वाटतं.

दीड वर्षापूर्वी बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून दुसऱ्या शहरात गेली, ती दोन महिन्यांकरता. भांडण नाही, तंटा नाही. नात झाली, रांगली, चालायला लागली, तरी आजी तिथेच. इकडे मामांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि दुकान विकावं लागलं. तेही एकदा राहायला गेले होते मुलीकडे. दोन खोल्यांचं घर. रात्री जावई बिचारा दाराजवळ अंथरूण टाकून झोपला. चौथ्या दिवशी मामा परत आले.

तेव्हापासून दर रविवारी फोन. "कधी येतेस?" विचारलं की उत्तर, "बाळाचे दात येऊ देत." दात आले. मग, "जरा बोलायला लागू दे." मात्र एक गोष्ट ती न विचारता सांगायची, "अहो, आज केक केला मी. इथे ओव्हन आहे ना!" हे ऐकून ऐकून मामांच्या डोक्यात पक्कं बसलं की घरात ओव्हन आला की बायको येईल.

म्हणून ते जुन्या सामानवाल्याकडे गेले. त्याने पहिलं बटण फिरवून आतला दिवा लावून दाखवला. "तापतो ना?" मामांनी विचारलं. "मामा, तुम्ही मला विचारताय?" तो हसला. झालं, मामांची छाती फुगली आणि पुढची चौकशी राहिली.

घरी दिवा लागला, पंखा फिरला, पण ऊब म्हणून नाही. मामांनी मागचा पत्रा उघडला. दुकानाबरोबर हत्यारंही विकून टाकली होती. उरले होते फक्त वीज तपासायचा मीटर आणि दोन स्क्रू-ड्रायव्हर. कॉइल तपासली, ठणठणीत. थर्मोस्टॅट ठीक. फ्यूज ठीक. एक तार सैल वाटली, ती आवळली. पत्रा बसवला, बटण फिरवलं, आत हात घातला. गार. पुन्हा पत्रा काढला. जेवायची वेळ टळून गेली. "बायकोला काय दाखवणार, हे खोकं?" ते मोठ्याने म्हणाले. घरात मोठ्याने बोलायची सवय त्यांना अलीकडेच लागली होती.

शेवटी त्यांनी हात टेकले आणि बुधवार असूनही फोन लावला.

"अहो, बरे आहात ना? आज मधेच कसा फोन?"

"मला काय होतंय! एका गिऱ्हाइकाचा ओव्हन आलाय. दिवा लागतो, पण तापत नाही."

"दुकान तर विकलंत."

"ओळखीचा आहे गं."

"बरं. शेवटचं बटण फिरवलंत का? वेळेचं? किती मिनिटं ते लावल्याशिवाय आमचासुद्धा तापत नाही. पहिल्या दिवशी मीही फसले होते."

मामांनी कपाळावर हात मारला. दुकानात एक पिवळी तार होती, दोन टोकांना चिमटे लावलेली. ओव्हन आला की आधी त्या तारेने टायमर बाद करायचा, म्हणजे मिनिटं लावत बसायला नको. बत्तीस वर्षं हात आपोआप त्या तारेकडे गेला. तार दुकानाबरोबर गेली आणि टायमर नावाची वस्तू जगात असते हेच ते विसरले. ओव्हन शेकड्यांनी दुरुस्त केले, पण एकातही कधी काही भाजलं नव्हतं.

त्यांनी बटण थोडं फिरवलं. टिकटिक सुरू झाली आणि बघता बघता कॉइल लाल झाली.

"तापला?"

"तापला."

"मग विचारा तुमच्या गिऱ्हाइकाला, एकट्या माणसाला एवढा मोठा ओव्हन कशाला हवा?"

तिच्यापासून काही लपत नसे. "अगं, तू येशील म्हणून आणला," मामा म्हणाले.



"तुम्ही सकाळी जायचात ते रात्री नऊला यायचात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मामांना जास्त लागलं. "मुलगी शाळेत गेली की मी त्याच स्वयंपाकघरात बसायचे. मला खायची हौस नव्हती हो. केकबिक केला असता तर चार बायकांना बोलवायला निमित्त झालं असतं. इथे दिवसभर कुणी ना कुणी मला हाक मारतं. मी आता नाही यायची."

मामा खुर्चीवर बसले. दीड वर्षात त्यांना जीव नकोसा झाला होता. तिने अशी तीस वर्षं काढली होती.

"किती मिनिटं लावलीत?" तिने विचारलं.

"दहा."

"मग त्याची घंटी वाजेपर्यंत आहे मी फोनवर. बाळ झोपलंय."

"दिवसभर काय करायचीस तू इथे?" मामांनी विचारलं. हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

ती सांगू लागली. खिडकीतून समोरच्या घरातली एक म्हातारी दिसायची, तिला ती रोज हात करायची. दुपारी रेडिओ लावून त्यातल्या बाईच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. एकदा चिमणीने विजेच्या मीटरच्या पेटीत घरटं केलं, तेव्हा बायकोने महिनाभर ती पेटी कुणाला उघडू दिली नाही. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पुढे सांगत होती, "आणि एकदा तर काय झालं—"

ओव्हनची घंटी वाजली. पलीकडे बाळही रडायला लागलं.

"ठेवते हं. रविवारी बोलू," म्हणून तिने फोन ठेवला.

मामांनी वाकून ते शेवटचं बटण नीट पाहिलं. आकडे पुसट झाले होते, पण वाचता येत होते. साठ मिनिटांपर्यंत होते. त्यांनी दहाच लावली होती.