वहिनीचा बारीक पट्टा

माझी वहिनी अग्निशमन दलात, शिडीवर चढणाऱ्यांपैकी. एकदा कामावर असतानाच तिचा खांदा निखळला आणि तिला फोनवर बसवलं. बंबावर परत जायचं तर अट एकच: दांडीला लटकून, आधाराशिवाय, हनुवटी दांडीच्या वर न्यायची. नाही जमलं तर निवृत्तीपर्यंत फोनच.

दादाने दारात दांडी ठोकली आणि दोघं रबरी पट्टे आणायला गेले. पट्टा दांडीला अडकवायचा, खालच्या वेढ्यात पाय ठेवायचा आणि वर जायचं. दोघंही व्यायामशाळेतल्या वजनांवर वाढलेले. नवख्याने हलक्यापासून सुरुवात करायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. वहिनीने सगळ्यात बारीक पट्टा घेतला. दादाने अर्थातच सगळ्यात जाड.

मग काय, दादा सुटलेलं पोट सांभाळत दणादण वर जायचा आणि मिशीला पीळ द्यायचा. वहिनी मात्र अर्ध्यातच थरथरून खाली यायची. हळूहळू तिने दांडीकडे बघणंच सोडलं. "खांदा गेला माझा," ती एकदा भांडी आवरताना म्हणाली. मला दादाच्या मिशीचा असा राग आला म्हणून सांगू.

एका रविवारी दादाचा पट्टा धुऊन दोरीवर वाळत होता, म्हणून त्याने ऐटीत वहिनीचा घेतला.

"हा तर पोरखेळ," म्हणाला आणि लटकला. लटकलाच. पाय झाडले, चेहरा लालबुंद झाला, पण स्वारी काही वर जाईना.

"अहो, उतरा आधी," वहिनी म्हणाली. तिने दोरीवरचा जाड पट्टा काढून अडकवला, त्यात पाय ठेवला आणि अलगद वर गेली. खाली आली, परत गेली.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. हात ताणायच्या व्यायामात जाड पट्टा जड जातो, इथे तो खालून उचलून धरतो. जाड तितका आधार जास्त.

"म्हणजे इतके दिवस मी..." दादा म्हणाला.

"हो, तुम्ही. आणि मी बिनआधाराची," वहिनी म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. माझ्याही जिवात जीव आला. खांदा शाबूत होता.

मग ती जाडावरून बारकावर आली आणि शेवटी पट्टाच सुटला. चाचणीला मी सोबत गेले होते. तिची हनुवटी दांडीच्या वर गेली, तसे साहेब म्हणाले, "झालं. उतरा आता."

"थोडं राहू द्या, साहेब," वहिनी वरूनच म्हणाली.