मंगळावरचं गुऱ्हाळ

“बघितल्याबिगर रेघ मारायची न्हाई, गड्या,” असं म्हणत आमचे चित्रकार ब्रश कानामागे खोचायचे. तुम्ही म्हणाल, चित्रकाराला असा हट्ट शोभून दिसतो. पण हे गृहस्थ सांगलीच्या आमच्या साप्ताहिकात मंगळावरची गुप्तहेरकथा काढायचे! एका लेखकाच्या कादंबऱ्यांवरून मी संवाद बेतायचो, ते शिळाछापाच्या दगडावर चित्रं काढायचे, तीच कागदावर उमटायची. आमचा गुप्तहेर अग्निबाणातून उतरायचा तो थेट विट्याच्या बाजारात. मंगळाच्या राजाला आमच्या खानावळवाल्याच्या मिशा होत्या. वाचक बेहद्द खूश.

त्यांचा धाकटा भाऊ बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झालेला. शिराळ्याकडच्या एका बंद गुऱ्हाळात तो लपला होता. मला हे ठाऊक होतं, कारण त्याला भाकरी पोचवायला ते सायकल माझीच न्यायचे.

कथेत चोर शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आली, आणि या भल्या माणसाने काय काढावं? तेच गुऱ्हाळ! पडकं धुराडं, वाकडी चिंच, दारातली फुटकी काहील, सगळं जिथल्या तिथे. अंक गावोगाव गेल्यावर कुठे त्यांच्या ध्यानात आलं. मला त्यांचा इतका संताप आला की मी तो अंक त्यांच्यापुढे आपटला.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून फौजदार आला. अंक पुढे टाकून म्हणाला, “ही जागा कुठली?”

“मंगळावरची, सायेब.”

“मंगळावर चिंच?”

“आवं, पानी हाय म्हनत्यात तिथं.”

फौजदार हसला. मला हसू आलं नाही. जाताना त्याने साध्या वेषातला एक शिपाई दारासमोर बसवून ठेवला.

“मी जाऊन सांगतो,” मी कुजबुजलो.

“तुज्यामागं बी मानूस लागंल. लपायची जागाच दावशील त्येला.” मग जरा थांबून म्हणाले, “भाऊ आपला अंक चुकवत न्हाई. बाजारातनं मागवून वाचतो.”

त्यांनी दगड पुढे ओढला. पुढच्या भागात गुप्तहेर प्रयोगशाळेत चोराला पकडणार होता. यांनी मात्र चोराच्या टेबलावर एक बोलकं यंत्र काढलं.

“अहो, कादंबरीत चोर सापडतो!”

“आपल्यात न्हाई सापडनार. लिव्ह.”

यंत्राच्या तोंडी मी लिहिलं: ‘जागा कळली. आजच निघा.’ पुढच्या चित्रात गुप्तहेर रिकाम्या गुऱ्हाळात उभा.

अंक बाजारात पोचला. काही दिवसांनी फौजदारानेही ते गुऱ्हाळ हुडकून काढलं. आत कुणीच नव्हतं. मग त्याने दोन्ही अंक शेजारी-शेजारी ठेवून पाहिले असणार, कारण तो तडक आमच्याकडे आला.

हे उठले. ब्रश धुऊन जागेवर ठेवले. “सायकलीत हवा कमी हाय, भरून घे,” मला म्हणाले, आणि फौजदारापुढे चालू लागले. भाकरी पोचवायची पाळी आता माझी होती. साताऱ्याच्या तुरुंगात ते तापाने गेले. मला फार रडू आलं.

स्वातंत्र्यानंतर भाऊ छापखान्यात आला. त्यांच्या स्टुलावर बसला.

“पुस्तकात त्या चोराचं काय व्हतं, वो?”

“सापडतो.”

“आन् मग?”

“फाशी देतात.”

तो समोरच्या दगडावर तळहात ठेवून, छापखाना बंद होईपर्यंत तसाच बसून राहिला.