गाडीचा डावा की माझा?
जुलैतला दुसरा रविवार, ठरलेली मजुरी साडेतीनशे, हजर आम्ही तिघे: मी, वडील आणि विठ्ठलवाडीचा म्हातारा मेकॅनिक. रॉकेलचा वास आला की मला हे सगळं जसंच्या तसं आठवतं. वडिलांच्या साठ वर्षं जुन्या गाडीचे वायपर बंद पडले होते. पावसात चालवता येत नाही ती गाडी ठेवून काय करायची, म्हणून त्यांनी शहाडच्या एका गिऱ्हाइकाकडून पाच हजार बयाणा घेतला होता आणि तो संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. त्याआधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून मी मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याने वायपरची मोटर उघडून रॉकेलने धुतली, ग्रीस भरलं. वायपरचे दांडे मी काढले होते आणि घोटाळा नको म्हणून त्यांवर 'डावा', 'उजवा' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मेकॅनिकने ते त्याप्रमाणे बसवून बटण दाबलं, तर दोन्ही दांडे काचेच्या मधोमध एकमेकांत अडकले. "अरे, राहू दे आता. जाऊ दे तिला," वडील म्हणाले. मेकॅनिकने चिठ्ठ्या निरखल्या. "साहेब, हे लिहिताना उभे कुठे होतात?" "बॉनेटसमोर." "मग हा तुमचा डावा झाला! गाडीचा डावा सीटवर बसून बघायचा." वडिलांना हसून हसून ठसका लागला. दांडे बदलले, मी काचेवर बादली ओतली आणि दोन फेऱ्यांत समोरचं सगळं लख्ख दिसू लागलं. वडील स्टिअरिंगवरचा हात काढीनात. हल्ली गाडी मी चालवतो आणि ते शेजारी बसून प्रत्येक वळणाला "गाडीचा डावा" म्हणून बजावतात. त्या दिवशी मेकॅनिकला मी साडेतीनशे दिले, आणि शहाडच्या माणसाला वडिलांनी स्वतःच्या हाताने पाच हजार परत केले.