चुन्यातला च

शंकर नगरच्या आमच्या घराला आज चुना मारताहेत. त्या ओल्या वासाने वीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली. कॅसेट लावून मी जपानी 'त्सु' घोकत होते, पण तोंडातून हिंदी 'चाचा'मधलाच च निघे. पानाला चुना लावता लावता आई म्हणाली, "अवं पोट्टे, चुना म्हण ना, आपल्या मराठीतला!"

समोर हिंदी बोलणारी मैत्रीण बसली होती. मला लाज वाटली. "मम्मी, ये जापानी है, तुम्हारी मराठी नहीं."

"हव," म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी जपानीच्या वर्गात मी आईचाच च लावला आणि शाबासकी मिळवली. घरी मात्र बोलले नाही. सांगू सांगू म्हणता आईच गेली.

मघाशी मुलीसमोर 'चुना' म्हणाले. ती हसली, "मम्मी, आप कैसे बोलती हो!"

"हव," मी म्हणाले.